मेपलची सावली आणि पायवाट

अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या आपणांपैकी काहींच्या अंगणात सावलीसाठी लाल पानांचा मेपल लावण्याचा बेत असेल. रोप आणण्यापूर्वी आपल्या फिरण्याची वाट एकदा पाहून घ्यावी.

‘क्रिमसन किंग’ या नॉर्वे मेपलची पाने उन्हाळाभर गडद किरमिजी राहतात, सावलीही दाट पडते. परंतु ईशान्य अमेरिकेच्या रानांत नॉर्वे मेपल उपद्रवी ठरला आहे. मला तेथीलच ‘रेड मेपल’ अधिक रुचतो, जरी त्याची पाने उन्हाळ्यात हिरवी असून शरदातच लाल होतात. दोहोंची मुळे जमिनीलगत पसरतात व कालांतराने फरशी उचलतात. उतारवयात खुब्याचे हाड मोडण्यास तेवढी ठेच पुरते. म्हणून झाड बसण्याच्या जागेच्या पश्चिमेस, परंतु पायवाटेपासून चांगले दूर असावे. पहिली दोन-तीन वर्षे त्याला नियमित पाणी लागते. पाण्याची नळी मात्र वाटेत पडू देऊ नये.

सावली धरायला काही वर्षे जातील. तोवर भर दुपारी घरातच बसावे. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा तहान नसतानाही थोडेथोडे पाणी घ्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून दिले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच.