संकष्टीचा उपवास आणि सकाळची गोळी

संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पोटात काही घालायचं नाही, पण सकाळची शुगरची गोळी मात्र नेमाने घ्यायची, अशी एखादी आजी किंवा मावशी आपल्या ओळखीत असतेच. रिकाम्या पोटी ती गोळी काय करते, हे ती कोणत्या जातीची आहे त्यावर अवलंबून असतं. ते समजायला थोडं स्वादुपिंडात डोकवावं लागेल.

जठराच्या मागे आडवं पडलेलं हे साधारण 15 सेंटिमीटर लांबीचं इंद्रिय मुख्यतः पाचकरस बनवतं. 1869 मध्ये बर्लिनमधल्या पाउल लँगरहान्स या विद्यार्थ्याला त्यात पेशींचे छोटे वेगळे पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत हे त्याला सांगता आलं नाही. आज त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. आपल्या प्रत्येकात ती सुमारे दहा लाख असतात, आणि तरी सगळी मिळून स्वादुपिंडाचा शेकडा एक-दोन भागच होतात.

बेटांतल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. रक्तात साखर किती आहे हे त्यांना कळतं कसं? त्या ती साखर स्वतःच जाळून बघतात! जेवणानंतर साखर पेशीत शिरते, जळते, आणि एटीपी हे ऊर्जेचं रसायन वाढतं. एटीपी वाढलं की पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा बंद होतात. त्यामुळे पेशीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, आणि कॅल्शियम आत आलं की इन्शुलिनच्या भरून ठेवलेल्या पिशव्या रक्तात रित्या होतात. साखर कमी असली की पोटॅशियमच्या वाटा उघड्याच राहतात आणि इन्शुलिन जवळजवळ थांबतं. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते.

पण बीटा पेशी एकटी ठरवत नाही. शेजारच्या डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून तिला आवरतात. अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात. ते यकृतातली साखर बाहेर काढतं, म्हणून शाळेच्या पुस्तकात अल्फाला बीटाची विरोधक ठरवून टाकलेलं असतं. प्रकरण इतकं सरळ नाही. उंदराच्या बेटात बीटा पेशी मध्यभागी आणि अल्फा कडेला असतात, माणसाच्या बेटात दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या. 2011 मध्ये मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की माणसाच्या अल्फा पेशी ॲसिटिलकोलीनही सोडतात आणि शेजारच्या बीटा पेशींना पुढच्या साखरेसाठी तयार ठेवतात. हे काम मज्जातंतूंचं, असं तोवर मानलं जात होतं. उंदरावरून माणसाचं अनुमान काढताना जपून राहावं ते यासाठी.

आणखी एक निरोप आतड्याकडून येतो. तोंडावाटे घेतलेल्या साखरेने जितकं इन्शुलिन सुटतं, तितकं तीच साखर शिरेतून दिल्यावर सुटत नाही, हे 1964 मध्येच दिसलं होतं. जेवण पोहोचलं की आतडं जीएलपी-1 सारखी संप्रेरकं सोडतं. ती बीटा पेशीचा आवाज मोठा करतात, पण मुळात साखर वाढलेली असेल तरच.

आता गोळ्यांकडे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या पोटॅशियमच्या वाटा थेट बंद करतात. साखर आहे की नाही, हे त्या विचारत नाहीत. जेवण झालेलं असेल तर उत्तम, नसेल तरीही इन्शुलिन सुटतच राहतं. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गोळ्या आतड्याच्या त्या निरोपाचं आयुष्य वाढवतात. तो निरोप साखर असेल तरच चालत असल्याने, त्या एकट्या घेतल्यास साखर फार खाली जाण्याचा धोका बराच कमी. मेटफॉर्मिन बीटा पेशीला हातच लावत नाही, ती मुख्यतः यकृतावर काम करते. अडचण अशी की यातली दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात, आणि आजीच्या लेखी ती सगळी ‘शुगरची गोळी’च.

तेव्हा या आठवड्यात घरच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. ‘ग्लिमेपिराइड’ किंवा तिची बहीण दिसली, तर उपवासाच्या दिवशी डोस किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मनाने गोळी बंद करू नका. आजीला ‘उपास सोड’ म्हणून वाद घालण्यापेक्षा हा एक फोन सोपा आहे. (साबुदाण्याची खिचडी साखर भराभर चढवते, तो वेगळा विषय.)

आणि उपवासाच्या दुपारी कुणाला दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं विसंगत वाटलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून झोपवू नका. साखर मोजा. 70 च्या खाली असेल किंवा यंत्रच हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी काहीतरी खायला घाला आणि डॉक्टरांना कळवा, कारण या गोळ्यांचा असर तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. चंद्र उगवायला त्या दिवशी बराच अवकाश असतो.