गोफण वेगळी, बंदूक वेगळी

भाद्रपद सरत आला की खकनारकडून तुकईथडला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका, कापूस आणि सोयाबीन दिसतं. ज्वारी शोधावी लागते. ती जिथे सापडते, तिथे चिकात आलेल्या कणसांवर पोपटांचा थवा हमखास सापडतो. अशाच एका शेताच्या बांधावर एक ओळखीचे शेतकरी मला म्हणाले, “भाऊ, पोपट, कावळे, पारवे, सगळे मारल्याशिवाय आता काही हाती लागत नाही. तुम्ही लिहिता ना? हे लिहा.” त्यांच्या पुतण्याच्या हातात छऱ्याची बंदूक होती.

म्हणून लिहितो आहे. त्यांना हवं ते मात्र नाही.

आधी त्यांचं खरं काय ते मान्य करतो. पोपट खातो थोडं आणि पाडतो फार. एका कणसाचे चार दाणे टिपतो, ते कणीस टाकतो, दुसऱ्यावर जातो. नुकता उगवलेला मका कावळा कोंबासकट उपसतो, कारण त्याला खालचा मऊ दाणा हवा असतो. ज्यांनी गॅलरीत पाण्याची वाटी ठेवून पक्षिप्रेम पुरं केलं, त्यांनी या शेतकऱ्याला भूतदया शिकवू नये. ती वाटी फुकटात भरते. इथलं कणीस बियाणं, खत आणि तीन महिने घेऊन भरलेलं असतं.

पण ‘मारले की कमी होतात’ हे गृहीतकच कच्चं आहे. इथे सगळे लोक चीनचा दाखला देतात: १९५८ साली माओने चिमण्यांविरुद्ध मोहीम काढली, कीड वाढली, पुढे दुष्काळ पडला, १९६० मध्ये उपद्रवी जीवांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. दाखला खरा आहे, पण तुकईथडला लागू नाही. दुष्काळाला इतरही मोठी कारणं होती, आणि इथे कुणी चीनसारखं देशभर थाळ्या बडवायला निघालेलं नाही. मला आफ्रिकेतली क्विलिया जास्त पटते. चिमणीएवढा, लाल चोचीचा हा पक्षी ज्वारी-बाजरीवर कोटींच्या थव्यांनी उतरतो. सरकारं विमानातून विष फवारून दर वर्षी लाखोंनी मारतात, आणि काही हंगामांत थवे पुन्हा तेवढेच. कारण पाखरांची संख्या बंदुकीवर ठरत नाही, चाऱ्यावर ठरते. दहा मेले तर त्यांचा घास उरलेल्यांना मिळतो. तुमच्या शेतावर दहा पोपट पडले, तर मेळघाटाच्या बाजूच्या रानातून दुसरे दहा यायला किती वेळ लागणार?

आता कावळा. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही म्हण आपण रोज वापरतो आणि शेतात विसरतो. कणसात दाणा भरला नाही, त्यात खोडकिडीचा हात असतो, पावसाच्या खंडाचा असतो, नि त्याच वेळी वर कावळा बसलेला दिसतो. जो दिसतो त्याच्यावर नेम धरणं सोपं. हाच कावळा नांगरामागे चालताना कुणी पाहिला नाही? हुमणीसाठी खोल नांगरट करा म्हणून कृषी खातं सांगतं, त्याच्या हिशेबात उघड्या पडलेल्या अळ्या वेचणारे कावळे, बगळे, साळुंक्या धरलेल्या असतात. हरभऱ्यात घाटे अळीसाठी पक्षीथांबे रोवायला सांगतात, बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायला सांगतात, म्हणजे उंच ताटावर कोतवाल येऊन बसावा. थांबा आपणच रोवायचा आणि त्यावर बसणाऱ्याला आपणच छर्रा घालायचा, हे गणित मला जमत नाही. पाखरांच्या पोटात नेमकं काय असतं ते पाहण्याचं काम बिहारमधल्या पुसा इथे मेसन आणि लेफ्रॉय या दोघांनी केलं, १९१२ साली ते छापून आलं. म्हणजे हा विषय काही काल-परवा निघालेला नाही. अर्थात कावळा शेतकऱ्याचा मित्र आहे असंही मी म्हणणार नाही. नांगरटीला तो उपयोगी, पेरणीला उपद्रवी. तो कुणाच्याच बाजूचा नाही, स्वतःच्या पोटाचा आहे. पण त्याच भाद्रपदात आपण छपरावर पान ठेवून ‘काव काव’ करत त्याची वाट पाहतो, हे शेतात गेल्यावर आठवायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, परदेशात कावळे मारतातच की. मारतात. आपला गावकावळा माणसाने झांजिबारला नेला, पुढे तो केनियातही पोचला, तिथे तो उपरा ठरला, तिथल्या पाखरांची अंडी-पिल्लं फस्त करू लागला, म्हणून केनियाने तो मोठ्या प्रमाणावर मारायचं ठरवलं. तो न्याय उपऱ्याला आहे. इथे कावळा घरचा आहे, कोकिळेची पिल्लंसुद्धा तोच वाढवतो.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा उंदरांच्या आणि फळखाऊ वटवाघळांच्या रांगेत ‘उपद्रवी’ म्हणून बसवलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. १ एप्रिल २०२३ पासून ‘कावळ्याला कायदा नाही’ हे म्हणणं जुनं झालं. पोपट तर आधीपासूनच संरक्षित आहे. आणि बंदुकीपेक्षा वाईट म्हणजे विष लावलेलं बी. थिमेटचा दाणा मोर, पारवा, तितर असं काही निवडत बसत नाही. थिमेट म्हणजेच फोरेट, त्याच्या वापरावर २०२० अखेरीस बंदी आली, तरी घराच्या आढ्याला जुनी पिशवी टांगलेली असतेच.

उरतं शेवटचं आणि सगळ्यांत वजनदार बोलणं: ‘बापजादे हेच करत होते.’ नाही. बापजादे माळा बांधत आणि गोफण फिरवत. गोफणीचा दगड पाखराला क्वचितच लागायचा. लागायचा तो फटकाऱ्याचा आवाज आणि माळ्यावरच्या माणसाची आरोळी. ते पाखरं हाकलत होते, संपवत नव्हते. हाकलायला रोज उजाडता उजाडता कुणीतरी शेतात हजर लागतं. आज म्हातारी थकली, पोरगा शाळेत, सून मजुरीला. त्यात भोवतालची ज्वारी सोयाबीन-मक्याने खाल्ली, म्हणजे पूर्वी शंभर शेतांत वाटला जाणारा थवा आता एकाच वावरात उतरतो. शिवाय एकाने आठ दिवस आधी पेरली की तिचा दाणा आधी भरतो आणि पहिला हल्ला तिच्यावर. पोपट वाढले असं आपल्याला वाटतं. खरं तर कमी झालीय ती ज्वारी, आणि तिची राखण.

मी हे बोललो तेव्हा बांधावरच्या त्या शेतकऱ्यांनी एकच विचारलं: “मग पोराला शाळेतून काढू का?”

नाही. माझ्याकडे उत्तर अर्धंच आहे. ज्वारी करणाऱ्या शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात पेरावी, जमलं तर लागून पेरावी, आणि दाणा चिकात आल्यापासून कापणीपर्यंत सगळ्यांत मिळून एक राखणदार ठेवावा. त्याचा रोज बिघ्याच्या हिशेबाने वाटून घ्यावा. चमकत्या पट्ट्या, बुजगावणं, फटाके सगळं वापरा, पण दर चार दिवसांनी जागा बदला. पाखरं आपल्याइतकीच लवकर शहाणी होतात. पहाटेचे दोन तास आणि उन्हं कलल्यावरचे दोन तास, एवढीच खरी राखण. रोज किती द्यायचा यावर घासाघीस होईल. एखादा म्हणेल, माझ्या वावरात पोपट येतच नाहीत, मी कशाला देऊ? त्याच्या वावरात ज्वारीच नसेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे.