भोकातून धूर का येतो?

मैत्रिणींनो, सासूबाईंच्या सागवानी देव्हाऱ्याला खाली एक फळी लावावी म्हणून मी ड्रिल हातात घेतलं, त्याला आता चार वर्षं झाली. त्या समोरच वाती वळत बसल्या होत्या. मशीन घरघरलं, मी जोर लावला, आणि भोकाऐवजी धूर! “अगं, देव्हारा पेटवतेस की काय?” तो काळा डाग अजून तिथेच आहे. नैवेद्याची वाटी मी मुद्दाम त्याच्यापुढे ठेवते.

चूक मशीनची नव्हती. भिंतीचं बिट मी लाकडाला लावलं होतं. डबीत सगळी बिटं एकत्र येतात आणि दिसतातही बहिणी-बहिणींसारखी. पण टोक नीट पाहा. भिंतीच्या बिटाला टोकाशी वेगळ्या, करड्या धातूची पाचर बसवलेली असते. ती वीट फोडते, लाकूड कापत नाही. लाकडाच्या बिटाला मधोमध सुईसारखं टोक आणि दोन्ही कडांना धारदार कान असतात. टोक आधी रुततं म्हणून बिट घसरत नाही, आणि कान लाकडाचे तंतू गोल कापतात म्हणून कड स्वच्छ येते. लोखंडाला वापरतात ते साधं पीळदार बिटही लाकडाला चालतं, मात्र आधी टोच्याने खूण करून घ्या. ओट्याखालच्या फळीतून पाइप न्यायचा असेल तर उलथन्यासारखं चपटं बिट बरं. फळीखाली टाकाऊ लाकूड धरलंत तर पलीकडची कड उचकटत नाही.

माप घेताना स्क्रूचे आटे सोडून मधला गाभा बघायचा. ४ मि.मी.च्या स्क्रूला सागवानात ३ आणि मऊ लाकडात २.५ मि.मी.चं बिट पुरतं. भोक न पाडताच स्क्रू दामटलात तर फळी तडकते, मग सुताराला बोलावणं आलंच.

आता धारेचं. विळी बोथट झाली की कोथिंबीर चेचली जाते, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. बिटाचंही तसंच. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, करपट वास आला, की थांबा. बिट दिव्याखाली धरा. धारेवर चकाकती रेघ दिसली तर ती बोथट. चांगली धार चकाकत नाही.

चपट्या बिटावर आधी हात बसवा, ते सर्वांत सोपं. शिकंज्यात घट्ट धरून, मूळचा उतार न मोडता, पुढच्या दोन्ही धारांवर बारीक कानस एकाच दिशेने फिरवा, दोन्हीकडे मोजून सारखे हात. बाजूच्या कडांना मुळीच लावू नका, बिट अरुंद होतं. कानवाल्या बिटाचे कानही आतूनच घासायचे. पीळदार बिट कडक पोलादाचं, त्याला साधी कानस लागत नाही. हिऱ्याची पूड बसवलेली कानस किंवा दगड हवा. त्याच्या टोकाचा कोन बहुधा ११८ अंशांचा असतो. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात तेवढी खाच कापा आणि टोक तिच्यात बसवून बघा. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर भोक बिटापेक्षा मोठं पडतं. धारेमागचा भाग धारेहून किंचित खाली उतरता हवा. तो वर राहिला तर बिट नुसतंच घासतं, आणि पुन्हा धूर! ३ मि.मी.च्या आतल्या बिटाच्या मागे मात्र लागू नका, नवीन आणा.

आणि हो, बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा. पदर खोचा, वेणी वर बांधा, मंगळसूत्र आत, बांगड्या काढलेल्या. हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात गुंततात.

परवा न्हाणीघरात खुंटाळं लावायचं होतं. त्याच्या फळीला भोकं पाडायला बसले, तर सासूबाईंनी बिट माझ्या हातातून घेतलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाल्या, “हे चकाकतंय गं. आधी घासून आण.”