भट्टी कोणाची?

कलाशिक्षणाचा विषय निघाला की डाव्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर एक सहनशील स्मित उमटते. भाकरीचा प्रश्न सुटलेला नाही, घरकामगारांना किमान वेतन मिळत नाही, आणि येथे कोणी सार्वजनिक खर्चाने काच फुंकायला शिकवण्याची गोष्ट काढतो! या स्मिताला आधार नाही असे म्हणता येणार नाही. युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत आज सामुदायिक काचशाळा चालतात. ठराविक फी भरावी, आठवड्यातून एक संध्याकाळ भट्टीसमोर उभे राहावे आणि चार-सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने केलेला पेला घरी न्यावा, असा त्यांचा शिरस्ता असतो. फीचे आकडे पाहता तेथे गोदीकामगाराची मुलगी सहसा पोचत नाही, डॉक्टरांचा मुलगा पोचतो. एवढ्यावर विषय मिटवावा असे अनेकांना वाटेल.

परंतु विषय एवढ्यावर मिटत नाही. वाळूतून पेला निर्माण करण्याची विद्या कोणाच्या ताब्यात असावी, भट्टी कोणाच्या मालकीची असावी आणि तिच्यापुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाला असावा, हे प्रश्न काचेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उठलेले आहेत; आणि ते कलावंतांनी नव्हे, कामगारांनी उठवलेले आहेत.

मुळात या धंद्याचे स्वरूपच असे आहे की तो एकट्याला झेपत नाही. कुंभाराचे चाक अंगणात बसते, विणकराचा माग ओसरीवर मावतो. काचेचे तसे नाही. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण वितळण्यासाठी १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. एकदा पेटवलेली भट्टी रोज रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. आतील कुंडाला तडा जाण्याची भीती असते. म्हणजे कोणी काम करो वा न करो, इंधन जळतच राहते. एवढा विस्तव एका माणसाने स्वतःपुरता राखावा ही कल्पनाच अव्यवहार्य आहे. तो एक तर मालकाने राखावा, नाही तर समुदायाने.

कामाची पद्धतही तशीच. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर मधासारखी घट्ट काच गुंडाळून घ्यायची आणि त्या क्षणापासून नळी फिरवत राहायचे; हात थांबला की काच एका अंगाने ओघळते. बाकावर बसलेला कारागीर नळी फिरवीत आकार देत असतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला बसून हवा फुंकणारा वेगळा असतो. पुन्हा तापवण्याच्या भट्टीचे दार उघडायला तिसरा लागतो, आणि पेल्याच्या बुडाला दुसरी सळई चिकटवून तो नळीपासून सोडवायच्या वेळी तर दोघांचा श्वास एक असावा लागतो. ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन तिने तापलेली काच घोटतात. (साप्ताहिकाच्या जुन्या अंकांचा याहून वाईट उपयोग नेहमीच होत असतो.) तयार झालेली वस्तू लगेच उघड्यावर ठेवली तर आतल्या ताणाने फुटते, म्हणून ती सुमारे ५०० अंशांच्या पेटीत ठेवून रात्रभर सावकाश निववतात. एकट्याच्या प्रतिभेचा अभिमान बाळगणारा मनुष्य या कामात पहिल्याच दिवशी हात भाजून घेतो.

अशी विद्या सत्ताधाऱ्यांनी कोंडून ठेवली नसती तरच नवल. व्हेनिसच्या महामंडळाने १२९१ मध्ये शहरातील काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवण्याचा हुकूम काढला. कारण आगीच्या भीतीचे सांगितले गेले, आणि ते खोटेही नव्हते. पण बेटावर गेलेल्या कारागिरांना पुढे प्रजासत्ताक सोडून जाण्याचीही बंदी झाली. त्यांना मान होता, पैसा होता, फक्त पाय बांधलेले होते. पुढे इंग्लंडात जॉन रस्किनने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाच्या १८५३ च्या खंडात काचमण्यांच्या धंद्यावर कोरडे ओढले. दिवसभर काचेच्या कांड्यांचे तुकडे पाडणाऱ्या मजुरांच्या हातांना कायमचे कापरे भरते, आणि त्यांच्या कामात बुद्धीला कणभरही वाव नसतो. असे मणी विकत घेणारी तरुणी गुलामांच्या व्यापाराला हातभार लावते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच रस्किनने व्हेनिसच्या जुन्या पेल्याची मात्र वाखाणणी केली, कारण तो घडवताना कारागिराचे डोके आणि हात वेगळे काढलेले नव्हते. रस्किन समाजवादी नव्हता. पण श्रमाच्या विभागणीत खरोखर विभागला जातो तो माणूस, हे त्याने काचेकडे पाहून ओळखले.

चळवळीच्या दृष्टीने याहून मोलाची कथा दक्षिण फ्रान्समधील कार्मो गावची आहे आणि ती मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही. तेथील बाटल्या फुंकणारे कारागीर एके काळी स्वतःला मजूर मानीतच नसत. छातीचा दम आणि हाताचे कसब हेच त्यांचे भांडवल होते. बापाने पोराला शिकवावे आणि बाहेरच्याला दाराशी थांबवावे, ही त्यांची रीत होती. १८८० नंतर नव्या पद्धतीच्या भट्ट्या आणि साचे आले आणि त्यांच्या कसबाचा भाव उतरला. तेव्हा त्यांनी संघटना बांधली. १८९५ मध्ये रेसेगिए या मालकाने संघटनेच्या पुढाऱ्याला कामावरून काढले. संप झाला आणि मालकाने कारखान्याला टाळे ठोकले. गावचे खासदार होते जाँ जोरेस. ते संपकऱ्यांच्या बाजूला उभे राहिले. मालक काही केल्या नमेना, तेव्हा कामगारांनी स्वतःचाच कारखाना काढायचे ठरवले.

येथे जो वाद झाला तो आजही उद्बोधक आहे. कारखाना कोणाचा? फुंकणाऱ्या कारागिरांचा, की ज्यांनी वर्गणी दिली त्या सर्व कामगारवर्गाचा? फ्रान्सभर वीस-वीस सेंटिमची तिकिटे विकली गेली होती. खाणकामगाराने, शिंप्याने, छापखान्यातल्या जुळाऱ्याने ती घेतली होती. अखेर कारखाना एकट्या काचकामगारांचा न राहता कामगार संघटना आणि सहकारी संस्था यांच्या मालकीचा झाला. १८९६ च्या ऑक्टोबरात आल्बी येथे तो सुरू झाला. भिंती बांधण्याचे कामही कारागिरांनीच केले, पहिली काही वर्षे अपुऱ्या मजुरीवर काढली, पण भट्टी विझू दिली नाही. १९३१ मध्ये त्याला उत्पादक सहकारी संस्थेचे रूप आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते रूपही गेले आणि कारखाना मोठ्या भांडवलाच्या पोटात शिरला. हा शेवट दडवण्याचे कारण नाही. तरी साठ-सत्तर वर्षांहून अधिक काळ काच मालकावाचून वितळू शकते, हे सिद्ध झाले.

अमेरिकेत कथा दुसऱ्या वाटेने गेली. टोलेडो शहरातील कारखानदार लिबी याच्या आश्रयाने मायकेल ओवेन्स याने १९०३ च्या सुमारास बाटल्या करणारे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले. ओवेन्स स्वतः लहानपणापासून काचभट्टीवर राबलेला. त्या यंत्राने हजारो फुंकणाऱ्यांची रोजी घेतली. पण रात्रपाळीत भट्टीपुढे धावणाऱ्या लहान पोरांची सुटका होण्यासही त्याच यंत्राचा हातभार लागला. यंत्राविरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये.

त्याच टोलेडोत, त्याच लिबीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संग्रहालयाच्या आवारातील एका गॅरेजात, १९६२ च्या मार्चमध्ये हार्वे लिटलटन या अध्यापकाने लहान भट्टी मांडून एक कार्यशाळा घेतली. कारखान्याबाहेर, कलावंताला स्वतःच्या हाताने काच वितळवता यावी, हा हेतू. मंडळींची पहिली काच काही केल्या जमेना. डॉमिनिक लॅबिनो या कारखान्यातील संशोधकाने सहज वितळणाऱ्या काचगोट्या सुचवल्या, तेव्हा कोठे ती वळू लागली. आणि फुंकायचे कसे, हे दाखवले हार्वे लीफग्रीन नावाच्या, लिबीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराने. आजच्या सर्व सामुदायिक काचशाळांचे मूळ या गॅरेजात सांगितले जाते. लिटलटन ‘स्टुडिओ काचे’चे जनक ठरले. लीफग्रीनचे नाव ग्रंथांत येते, पण ओझरते. विद्या कामगाराकडून आली आणि कीर्ती अध्यापकाकडे गेली; यात लिटलटन यांचा वैयक्तिक दोष मुळीच नाही, समाज ज्या डोळ्यांनी पाहतो त्या डोळ्यांचा आहे.

मात्र या चळवळीतून निघालेली एक शाखा अशी आहे की तिच्यापुढे कार्यकर्त्यांचे ते सहनशील स्मित टिकू नये. वॉशिंग्टन राज्यातील टकोमा या बंदराच्या शहरात हिलटॉप नावाची वस्ती आहे. गरिबी आणि टोळ्यांची मारामारी यांसाठी ती एके काळी कुप्रसिद्ध होती. १९९४ मध्ये तेथे एका सरकारी शाळेशी जोडून मुलांसाठी काचशाळा सुरू झाली. प्रसिद्ध काचकलावंत डेल चिहुली हे त्याच शहरचे. तिच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. मुलांना शिक्षण विनाशुल्क. भट्टीपुढे भांडण चालत नाही, कारण समोरच्याच्या हातात हजार अंशांचा गोळा असतो आणि त्याच्या श्वासावाचून आपला पेला पुरा होत नाही. नीतिपाठाच्या तासाला जे साधत नाही ते येथे वस्तूच शिकवते. स्वतः चिहुली यांचा डावा डोळा १९७६ मधील अपघातात गेला, आणि पुढे खांद्यालाही इजा झाल्यावर त्यांनी नळी हाती घेणे सोडले. त्यांच्या नावाची काच तेव्हापासून इतरांचे हात घडवतात. मग त्या काचेचा कर्ता कोण, हा प्रश्न कलासमीक्षक मोठ्या नाजूकपणे विचारतात. कामगार चळवळीने तो शंभर वर्षांपूर्वीच, फारसा नाजूकपणा न दाखवता, विचारला होता.

हे सारे परक्या मुलखातले, असे कोणी म्हणेल तर त्याने तळेगाव दाभाड्याचे स्मरण करावे. अंताजी दामोदर काळे यांनी देशी उद्योगांसाठी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. रुपयाचे चौसष्ट पैसे होत, त्यांतला एक. आल्बीच्या वीस सेंटिमच्या तिकिटाचे हे सख्खे भावंड. हा कारखाना केवळ माल काढण्यासाठी नव्हता. ती शाळा होती. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत आणि शिकून बाहेर पडलेल्यांनी देशात ठिकठिकाणी ही विद्या नेली. १९१६ मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत लागला, तोही याच काळातला. त्या वेळी काच शिकणे हा कोणाला चोचला वाटला नाही. वर्गणी देणाऱ्यात शेतकरी होता, कारकून होता. त्यांतला बहुतेक कोणी स्वतः नळी फुंकणार नव्हता. तरी भट्टी आपली आहे, हे त्याला कळत होते.

आता फिरोजाबादकडे पाहावे. महाराष्ट्रातील लग्नघरात भरला जाणारा हिरवा चुडा बहुधा तिथलाच असतो. तेथे भट्टीतली काच फिरत्या दांड्यावर ओढून तिची लांब वेटोळी करतात, ती कापून सुटी कडी होतात आणि मग या कड्यांचे गठ्ठे घरोघर जातात. उघडी टोके ज्योतीवर जुळवण्याचे काम स्त्रिया अंधाऱ्या खोल्यांत, नगावर मजुरी घेऊन करतात. वारा लागला तर ज्योत हलते, म्हणून खिडकी बंद. पोरेही त्याच खोलीत वाढतात. ताजमहालाच्या संगमरवराला काजळी लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात या परिसरातील कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच होता. पण संगमरवराच्या प्रकृतीची जेवढी चौकशी झाली तेवढी ज्योतीपुढे वाकलेल्या डोळ्यांची झाली नाही. २०२३ मध्ये हाताने काच घडवण्याच्या विद्येची युनेस्कोने मानवजातीच्या वारशात नोंद केली. ती मागणाऱ्या देशांत फ्रान्स, जर्मनी, स्पेन, चेकिया, हंगेरी आणि फिनलंड होते. ज्या देशात एक अख्खे शहर हाताने काच करते त्याचे नाव तेथे नव्हते.

म्हणून खरी मागणी अशी असावयास हवी की फिरोजाबादेत सार्वजनिक पैशाने चालणारी, सर्वांना खुली अशी एक लहान भट्टी असावी. तेथे शिकवावे निवृत्त कारागिरांनी, मानधनावर नव्हे तर पुऱ्या वेतनावर; आणि जी वस्तू निघेल तिच्यावर घडवणाऱ्याचे नाव असावे. पहिला प्रवेश घरी बांगड्या जुळवणाऱ्या स्त्रियांना मिळावा. आयुष्यभर काच हाताळूनही त्या भट्टीपर्यंत पोचलेल्या नाहीत, कारण भट्टी पुरुषांची आणि ज्योत बायकांची अशी तेथील वाटणी आहे. शिकण्याच्या तासांची मजुरी बुडते, तेव्हा तिची भरपाई योजनेतच धरावी लागेल. अन्यथा तेथेही ज्यांना फुरसत आहे तेच येतील, आणि मग टीकाकारांचे स्मित खरे ठरेल. वायूचा खर्च मोठा आहे, हे खरे. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या आवारांत लेथ आणि वेल्डिंग यांवर सरकार खर्च करतेच.

मजुरीचे दर, घरकामगार म्हणून नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, डोळ्यांची तपासणी या मागण्या आधीच्या आहेत आणि त्या आधीच्याच राहाव्यात. त्यांच्या यादीत भट्टीवरील शिकण्याचे तास कितव्या क्रमांकावर लिहायचे, हे फिरोजाबादच्या बांगडी कामगारांनी ठरवावे. ते त्यांच्यासाठी मुंबई-पुण्यात बसून ठरवण्याचे काम नव्हे.