गजकर्ण, लाज आणि ती ट्यूब

मेहकरच्या आठवणीत इथं जत्रा, शाळा, हुरडा सगळं लिहून झालंय. आज जरा अवघड विषय लिहिते. मोठ्यांनी राग मानू नये.

जांघेत, कमरेला गजकर्ण होणं आपल्याकडं नवीन नाही. पावसाळ्यात सोयाबीन खुरपायला गेलेल्या बाईचं लुगडं दिवसभर ओलं, त्यात परकराची नाडी घट्ट. पुरुषांना करगोट्याखाली होतं. आजी टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायची. त्यानं सगळ्यांचं जायचंच असं नाही, पण ते अंगणात पाट्यावर वाटलं जायचं, घराला ठाऊक असायचं.

आता भालकीला बाजाराला निघालेल्या माणसाला हळूच सांगायचं, "खाजेची ट्यूब आणा." कुणाला, कुठं, कधीपासून, कुणी विचारत नाही. मला वाटतं, ही ट्यूब एवढी खपते ती औषध म्हणून नाही, काही विचारत नाही म्हणून.

माझ्या मामीनं दोन वर्षं अशीच काढली. (तिनं "लिही" म्हटलं म्हणूनच लिहिते.) चार दिवसांत लाली जायची, महिन्याभरात परत, आधीपेक्षा मोठं. शेवटी उदगीरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं: क्लोबेटासोल. हे जोरदार स्टिरॉईड. त्यानं खाज आणि लाली दबते, पण अंगाची लढायची ताकदही तिथं कमी होते आणि बुरशी खाली निवांत पसरते. मामीच्या मांडीवर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पांढरे वळ उठलेत. ते आता जायचे नाहीत.

अशी बरीच स्टिरॉईड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा केंद्र सरकारचा नियम 2018 पासून आहे. तरी मिळतात. आणि 2020 साली जपानी संशोधकांनी भारत-नेपाळच्या रुग्णांच्या अंगावर सापडलेल्या बुरशीला नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिनची नेहमीची गोळी तिला पुष्कळदा लागू पडत नाही. देशाचं नाव निघालं तेही कशात, बघा!

पण दुकानदाराला बोलून मी थांबणार नाही. आपल्या दोरीवर बघा. पुरुषांची बनियन-चड्डी उन्हात, बायकांचे आतले कपडे मात्र साडीच्या घडीखाली, नाहीतर न्हाणीत काळोखात. दमट कापड तसंच सकाळी अंगावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात घाला, टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा ठेवा. हे ऐकून मामीची सासू म्हणाली, "लोकं काय म्हणतील बाई?" लोकांच्या घरातही हेच चाललंय की!

औषध डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावं लागतं. मध्येच सोडलं की परत तेच. बिदरच्या सरकारी दवाखान्यातही दाखवता येतं, बाईडॉक्टर हवी असं सांगायला लाजू नका.

मामीचं जायला सहा महिने लागले. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं, तेव्हा कळलं की मामाला होतं, सुनेलाही होतं. तिघं एकाच ट्यूबचं मलम लावत होते, एकमेकांपासून चोरून.