वंगण कोणाच्या चाकाला?

लाच देण्यास इंग्रजीत ‘तळहाताला वंगण लावणे’ म्हणतात. मराठीत आपण ‘हात ओले करतो’. दोन्ही वाक्प्रचारांत एक समजूत गृहीत आहे. शासनाचा गाडा मुळात ठीक आहे, चाक तेवढे कुरकुरते. थोडे तेल घातले की ते फिरेल आणि कोणाचे काही बिघडणार नाही. ‘चहापाणी’ या शब्दाने तर या व्यवहारास आतिथ्याचीच प्रतिष्ठा दिली आहे.

कर्जत-खालापूरच्या भूमीवर ही समजूत टिकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. दोन महानगरांमधील या पट्ट्यात शेतघरांसाठी जमिनीची मागणी वाढली आणि सातबारावर नाव चढविण्याची घाईही वाढली. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये फेरफाराची नोटीस चावडीवर लावावी लागते, हितसंबंधितांना कळवावे लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. खरेदीदारास हा विलंब वाटतो. सासरी गेलेल्या बहिणीस, सहहिस्सेदारास वा कुळास मात्र तेवढाच आधार असतो. १९७४ साली संहितेत आलेल्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. कातकरी व ठाकर कुटुंबांसाठी हा अडसर जाणूनबुजून घातलेला आहे. तेथे वंगण घातले की चाक फिरते खरे, पण ते दुबळ्याच्या हक्कावरून फिरते.

देणारा प्रत्येक जण धनवानच असतो असे नाही. वारसनोंदीसाठी खेटे घालून थकलेला शेतकरीही खिशात हात घालतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने हा भेद ओळखला आहे. स्वेच्छेने लाच देणारा गुन्हेगार ठरतो. सक्तीपोटी देणाऱ्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्याला संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळण्याचा हक्क २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दिलाच आहे. खऱ्या दिरंगाईवर उपाय तो आहे.

जो भेद कायदा करतो, तो आपली भाषा पुसून टाकते. नाइलाजाने दिलेले आणि दुसऱ्याचा हक्क बुडविण्यासाठी दिलेले, दोहोंना ती ‘चिरीमिरी’च म्हणते. कचेरीतील कारकुनाने आणि दारातील पक्षकाराने या व्यवहारास ‘लाच’ हेच नाव दिले, तर निदान ती कोणाच्या जिवावर दिली जाते, हा प्रश्न तरी विचारता येईल.