मातीखालची पेठ

गेल्या वर्षी फाल्गुनात मोहोळ तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित शेतावर गेलो होतो. ऊस नुकताच कारखान्याला रवाना झाला होता. "साहेब, पाचट पेटवू का?" असे वाटेकऱ्याने दोन दिवस आधी फोनवर विचारले होते आणि मीही वर्तमानपत्रावरची नजर न काढता "पेटवा" म्हणून मोकळा झालो होतो. शेतात पाहतो तो सारे रान काळे. सोबत आलेल्या नातीने काडीने राख उकरली. आत वेटोळे करून करपलेले, अनेक पायांचे किडे सापडले. "आजोबा, हे कोण?" मी म्हणालो, "वाणी." ती हसून म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच?"

तिच्या प्रश्नावर हसू आले, पण ते टिकले नाही.

बँकेच्या नोकरीत पीककर्जाची कितीतरी प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. सातबारा, पाण्याची सोय, जमिनीचा प्रकार, तारण, सारे रकाने मी काळजीने तपासत असे. त्या जमिनीत राहते कोण, यासाठी मात्र रकाना नव्हता आणि मलाही तो कधी आठवला नाही.

निवृत्तीनंतर या विषयाचे थोडेफार वाचन केले तेव्हा समजले, की मातीखाली एक भरलेली पेठच नांदत असते. आपल्याकडे चाटी गल्लीत कापड, दुसरीकडे किराणा, तिसरीकडे भुसार, तसेच तिथेही ज्याचा त्याचा व्यवहार ठरलेला. वाणी आणि वरच्या थरातील गांडुळे गळलेला पाला खातात. खोलवरची गांडुळे माती गिळून तिच्यातील सेंद्रिय अंशावर जगतात. वाळवी वाळकी काटक्या-धसकटे संपवते. टाचणीच्या डोक्याएवढे स्प्रिंगटेल आणि त्याहून सूक्ष्म कोळी बुरशीच्या तंतूंवर चरतात. गोमेसारखे शिकारी या साऱ्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. आपल्या परंपरेने जीवांची गणना इंद्रियांवरून केली. गांडूळ द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय. मृदाशास्त्रज्ञ त्यांची गणना ताटावरून करतात. कोण काय खातो, हे ते जीवाच्या शरीरातील नत्राच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून ताडतात. खाणाऱ्याच्या शरीरात जड नत्राचे प्रमाण त्याच्या भक्ष्यापेक्षा थोडे अधिक असते. जणू प्रत्येकाच्या देहातच त्याच्या आहाराची खतावणी लिहिलेली असते.

माणसाने या पेठेत ढवळाढवळ केली म्हणजे काय होते? केवळ जीव मरतात, एवढेच आपण समजतो. खरी हानी अधिक खोल असते. पाचट जाळले, की पाला खाणाऱ्यांचे अन्न आणि छप्पर एकदमच जाते. खोलवरची माती खाणारी गांडुळे मात्र बरीचशी बचावतात. वारंवार खोल नांगरट केली, की बुरशीचे जाळे तुटते आणि तिच्यावर जगणारे उघडे पडतात. पेठ बंद पडत नाही. काही दुकानांना कुलूप लागते आणि सारा व्यवहार उरलेल्या थोड्या हातांत जातो. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर वर्षावने तोडून रबर व तेलताडाची लागवड झाली, तेथे हेच आढळले. पानांच्या थरातील कीटकांचा वाटा घटला आणि अन्नव्यवहाराचा मोठा हिस्सा एकट्या गांडुळांकडे एकवटला. म्हणून शेतात गांडुळे दिसली, की जमीन सुदृढ, असे समाधान पुरेसे नाही. एकच दुकान जोरात चालले, म्हणजे बाजार सुखी आहे असे आपणही म्हणत नाही.

आपल्या डाळिंबाच्या बागायतदारांना सूत्रकृमी परिचित आहेत ते मुळांना गाठी आणणारे शत्रू म्हणून. परंतु सर्वच सूत्रकृमी मुळे खात नाहीत. काही जिवाणू खातात, काही बुरशी, तर काही इतर सूत्रकृमींचीच शिकार करतात. डच शास्त्रज्ञ टॉम बाँगर्स यांनी १९९० साली मुळे खाणारे वगळून उरलेल्यांच्या प्रमाणावरून जमिनीची अवस्था मोजण्याची रीत मांडली. जमीन फार ढवळली गेली, की सावकाश वाढणारे शिकारी प्रथम घटतात आणि झपाट्याने वाढणारे जिवाणूभक्षी माजतात. म्हणजे शत्रूला आवर घालणारे पहारेकरी आपणच आधी हाकलतो आणि मग औषधाच्या दुकानाची पायरी चढतो.

आपल्यापैकी अनेकांची शेती वाटेकऱ्याच्या हाती आहे आणि निर्णय मात्र गादीवरून फोनने दिला जातो. काहींची खते-औषधांची दुकाने आहेत. म्हणून हे आपल्याला सांगणे अगत्याचे वाटते. एका हेक्टरातून सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. ते न जाळता खोडव्यात सरीत ठेवावे, असे कृषी संशोधक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. बांधावरचा गवताचा पट्टा न नांगरता राखला, तर उजाड झालेल्या रानात परतण्यासाठी या जीवांना आसरा उरतो. फोरेटसारख्या दाणेदार विषाची विक्री ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. जुना साठा कुणाच्या कोठारात असेल, तर तो गिऱ्हाइकाला देऊ नये.

यंदा मी पाचट पेटवू दिले नाही. वाटेकरी कुरकुरला, पाणी नीट पुढे सरकत नाही, उंदीर होतात, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. अखेर पाचट एकाआड एक सरीत पसरण्याची मजुरी मी सोसायची, असे ठरले. तो खर्च वहीत मांडताना क्षणभर थांबलो. कोणत्या खात्यावर लिहावा? मग खर्चाऐवजी 'जुनी बाकी' या सदराखाली नोंदवला. गेल्या फाल्गुनात एका शब्दाने केलेले ते देणे माझ्याच नावावर होते.